गल्लीचा इतिहास गोळा करायचाय तर स्कॅनर नंतर घ्या, आधी आजींकडे जा

प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. जुन्या नाशकात भांडीबाजाराच्या मागच्या बाजूला राहणाऱ्या एका मुलानं विचारलंय. त्यांच्या गल्लीतले तीन वाडे पाडून अपार्टमेंट झाली, अजून दोन रिकामे होतायत, घराघरात ट्रंका भरून जुने फोटो आहेत आणि ऐंशीच्या पुढची सहा-सात माणसं अजून गल्लीतच राहतात. पाच मित्र मिळून हे सगळं जपायचं म्हणतायत, तर स्कॅनर कुठला घ्यावा, सुरुवात कुठून करावी, वेबसाइट काढावी का इन्स्टावर पेज. मी बावीस वर्षं हेच काम करतेय, आधी पंचवटीत, मग भद्रकाली, देवळाली गाव, नाशिकरोड, त्यामुळे उत्तर लांबेल पण हातचं राखून सांगणार नाही.

दादा, स्कॅनर राहू द्या आत्ता. त्या सहा-सात माणसांची यादी करा, वयाप्रमाणे लावा, आणि सगळ्यात वर जे नाव येईल त्यांच्याकडे याच रविवारी जा. फोटो ट्रंकेत अजून दोन पावसाळे काढतील, माणसांचं तसं सांगता येत नाही. सुरुवातीच्या काळात नाशिकरोडला एका काकांकडे मला १४० फोटो मिळाले होते, काका सिक्युरिटी प्रेसमधून रिटायर झालेले, मुद्रांक वगैरे छापणारी १९२५ पासूनची ती सरकारी प्रेस, तिथली तीन पिढ्यांची नोकरी त्या घरात. मला वाटलं आधी सगळं व्यवस्थित स्कॅन करून घेऊ आणि मग निवांत बसून एकेक नाव विचारू. तीन आठवडे स्कॅनिंग चाललं, चौथ्या आठवड्यात काका गेले. त्या १४० पैकी ५३ फोटोंपुढं आज माझ्याच अक्षरात 'ओळख पटली नाही' असं लिहिलेलं आहे. मुलांना दाखवले, सुनांना दाखवले, त्यांच्या बरोबरीच्या दोन कामगारांना दाखवले, थोडीफार नावं निघाली आणि बाकीची गेलीच. फोटो एकदम शार्प आहेत, एक डाग नाही, आणि त्यातली माणसं कोण हे आता कुणीच सांगू शकत नाही. ते रजिस्टर उघडलं की अजून मला बरं वाटत नाही.

म्हणून फोटो आणि बोलणं एकाच बैठकीत. पहिल्या दिवशी त्या घरातले फक्त पाच-सहा फोटो बाहेर काढायला सांगा, पूर्ण ट्रंक नको, ट्रंक उघडली की सगळं घर गोळा होतं आणि आजींचं बोलणं बाजूला राहतं. एक फोटो त्यांच्या हातात द्या आणि गप्प बसा. खरंच गप्प. 'तुमच्या लहानपणाबद्दल सांगा' असं विचारलंत की 'काय सांगायचं बाबा, गरिबी होती, पण सुख होतं' एवढं एक वाक्य येतं आणि विषय संपतो. त्याऐवजी फोटोतली एखादी वस्तू धरून विचारा, हे दार कुठं उघडायचं, ही बादली इथं का ठेवलीये, हा पोरगा कडेला उभा आहे तो घरातला का शेजारचा.

एकदा एका आजींना त्यांच्याच वाड्यातल्या लग्नाचा फोटो दिला होता, चौकात पंगत बसलीये, नवरानवरी मधोमध. आजींनी नवरीकडे बघितलंसुद्धा नाही. कोपऱ्यात तांब्याचा बंब होता, अर्धा फोटोबाहेर गेलेला, त्यावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हा आमचा. मग पुढची चाळीस मिनिटं त्या बंबावर. अकरा भाडेकरू, नळ एक, पाणी पहाटे यायचं, कुणी आधी भरायचं याचा ठरलेला क्रम, बाळंतिणीच्या घरी पहिलं गरम पाणी, माडीवर एकट्या राहणाऱ्या विधवा बाईंचा हंडा रोज दुसरंच कुणीतरी चढवायचं आणि कुणी चढवला हे त्या बाईंना कधी कळू द्यायचं नाही. हे कुठल्या गॅझेटियरमध्ये सापडणार सांगा. नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर १८८३ चं आहे, मी ते खूप वापरते, तुम्हीही वाचा, पण त्यात तांबटांच्या धंद्याची माहिती मिळेल, हंडा कुणी चढवला ते मिळणार नाही. तेव्हापासून मी फोटो हातात आला की आधी कडा बघते. मधोमध जे आहे ते फोटोग्राफरनं मुद्दाम घेतलंय, कडेला जे चुकून आलंय त्यात गल्ली आहे.

दुसरी एक गोष्ट हमखास उपयोगी पडते, वाड्याचा नकाशा. मोठा कागद घ्या, पेन्सिल आजींच्या किंवा आजोबांच्या हातात द्या, आणि ढेलजेतून, म्हणजे मुख्य दारालगतच्या पडवीतून, आत शिरा म्हणावं. ढेलज, चौक, ओसरी, माजघर, आड, परसदार, जिना कुठं, माडीवर किती बिऱ्हाडं. माणसाला साल आठवत नाही पण जिन्याच्या किती पायऱ्या होत्या आणि कितवी करकरायची हे आठवतं. मग फोटो त्या नकाशावर ठेवायचे, हा इथून काढलाय, हा तिकडं तोंड करून. वाडा पडलेला असला तर हा कागद म्हणजे सोनं. सिटी सर्व्हेचा नकाशा आणि मिळकत पत्रिका काढता आली तर तीही जोडा, हद्दी जुळवून बघता येतात.

बायकांशी बोलायचं तर दिवाणखान्यात बसू नका. तिथं मुलगा किंवा नवरा मध्ये मध्ये बोलतो, 'तिला काय माहिती, मी सांगतो'. चांगल्या मनानंच बोलतो पण बाई मग गप्प होते. तुमच्या ग्रुपमध्ये मुली असतील तर त्यांना स्वयंपाकघरात पाठवा, भाजी निवडायला हात लावू द्या, रेकॉर्डर ओट्यावर. फक्त कुकर आणि मिक्सर आधी आटपून घ्यायला सांगा. मी एक अख्खं रेकॉर्डिंग शिट्ट्यांमध्ये घालवलंय आणि त्या आजींनी दुसऱ्यांदा तेच सांगितलं तेव्हा ते तसं आलं नाही, पहिल्यांदा सांगताना जी ओल असते ती पुन्हा येत नाही.

रेकॉर्डिंगला मोबाईल पुरतो. दोन मोबाईल ठेवा, एक बंद पडला तर दुसरा, दोन्ही फ्लाइट मोडवर, पंखा बंद. सुरुवातीला स्वतः बोला, आज तारीख अमुक, आपण अमक्यांच्या घरी, समोर अमुक, आणि 'आम्ही हे रेकॉर्ड करतोय, चालेल ना' हे विचारून त्यांचा होकार रेकॉर्डवरच घ्या. शेवटी परत विचारा की यातलं काही बाहेर सांगायचं नाही असं आहे का. असतं. आणि ते खरंच बाहेर सांगायचं नाही, कितीही भारी किस्सा असला तरी. पाऊण तासाच्या वर बसू नका, थकतात पण सांगत नाहीत. दोघं जा, एकानं बोलायचं, एकानं वहीत फोटोचा नंबर आणि रेकॉर्डिंगचं मिनिट लिहायचं, फोटो ७, मिनिट १२. हे केलं नाही तर नंतर 'हा आमचा बापू, आणि हा त्याच्याशेजारी' ऐकून काहीही कळत नाही की बोट कुठल्या फोटोवर होतं.

लिहून काढताना त्यांची भाषा सुधारू नका ही हात जोडून विनंती. आपल्या गल्ल्यांमध्ये तांबटांचं बोलणं वेगळं, बोहरी घरातलं वेगळं, बागलाणातून आलेल्यांच्या बोलण्यात अहिराणी डोकावते. भट्टी, घण, मठारणं हे शब्द त्या माणसांबरोबरच जातायत. मठारणं म्हणजे भांड्यावर हातोडीचे एकसारखे ठोके देऊन पत्रा घट्ट करणं आणि त्यातून ती नक्षी उमटणं, पण एका तांबट आजोबांनी मला ते शब्दांत सांगितलंच नाही, त्यांनी मांडीवर बोटांनी ठेका धरला, घंगाळाचा वेगळा, कळशीचा वेगळा. ते रेकॉर्डिंग माझ्याकडचं सगळ्यात मोलाचं आहे. सांगायचं एवढंच की काही आठवणी हातात असतात, तेव्हा रेकॉर्डरबरोबर छोटा व्हिडिओही चालू ठेवा, चेहऱ्यापेक्षा हातांवर.

आता साल. यावर जरा थांबते कारण सगळ्यात जास्त घोळ इथंच होतो. 'किती साली' विचारलं की माणूस तुम्हाला खूष करायला काहीतरी आकडा सांगतो आणि तो आकडा मग कायमचा चिकटतो. आपल्याकडे लोक सालात मोजत नाहीत, सिंहस्थात मोजतात, पुरात मोजतात, दुष्काळात मोजतात. म्हणून विचारायचं, सिंहस्थाच्या आधी का नंतर, बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही कितवीत होता, मोठा मुलगा तेव्हा रांगत होता का शाळेत जात होता. सिंहस्थ १९५६, १९६८, १९८०, मग १९९१-९२, २००३, २०१५, आणि आता २०२७ चा तोंडावर आलाय. एका आजींना लग्नाचं साल काही केल्या आठवेना पण म्हणाल्या, घाईत झालं, कारण पुढं सिंहस्थ लागत होता. गुरू सिंह राशीत असला की जुन्या घरांमध्ये लग्नाचे मुहूर्त काढत नसत, म्हणून आदल्या वैशाखात उरकून घेतलं. थोरला मुलगा एकोणसत्तरच्या पुराच्या वेळी पाळण्यात होता. म्हणजे लग्न १९६७ चं. मग फोटोच्या मागचा पुसट शिक्का भिंगानं बघितला तर शेवटचा आकडा ७ च होता.

एकोणसत्तरचा पूर, १० सप्टेंबर १९६९, हा तर आपला मोठा खांब. जुन्या नाशकात कुणालाही विचारा, पाणी कुठपर्यंत आलं होतं ते हात करून दाखवतील. गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवरून पुराची उंची सांगायची पद्धत तुम्हाला माहितीच आहे, कंबरेला लागलं, छातीला लागलं, डोक्यावरून गेलं, आणि नारोशंकर मंदिराच्या घंटेपर्यंत पाणी गेलं की काय ते म्हातारी माणसं आवाज खाली करून सांगतात. पण इथंच एक फसगत झाली होती. एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो, बाजारात पाणी शिरलंय, तीन आजोबांनी वेगवेगळ्या दिवशी ठामपणे सांगितलं की हा एकोणसत्तरचाच. मी तसंच लिहिलं. वर्षभरानं मोठा करून बघताना एका दुकानाच्या पाटीवर पत्त्यापुढं ४२२००१ दिसलं. पिनकोड देशात सुरू झाले १५ ऑगस्ट १९७२ ला, म्हणजे फोटो नंतरच्या कुठल्यातरी पुराचा. आजोबा खोटं बोलत नव्हते, इतक्या पुरांमध्ये त्यांच्या मनात एकच पूर मोठा होऊन बसलाय आणि बाकीचे त्यात मिसळलेत. मी दोन्ही ठेवलं, तिघांनी काय सांगितलं तेही आणि पाटी काय सांगते तेही. आजोबांचं बोलणं खोडून टाकू नका कधी, त्याखाली ओळ वाढवा.

पाट्या वाचायची सवयच लावून घ्या. भावाच्या पाटीवर 'न.पै.', म्हणजे नये पैसे, दिसलं तर फोटो १९५७ नंतरचा, कारण दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, आणि १९६४ मध्ये त्यातलं 'नये' गेलं, पाट्या तशाच राहिल्या असतील तो भाग वेगळा. गाडीच्या नंबरात एमएच १५ असेल तर फोटो १९८९ च्या आधीचा नाही. भिंतीवर सिनेमाचं पोस्टर असेल तर त्या सिनेमाच्या आधीचा फोटो असूच शकत नाही. भिंतीवरचं कॅलेंडर भिंगाखाली घ्या, महिना आणि एक तारीख कुठल्या वारी येते त्यावरून कुठली सालं शक्य आहेत ते काढता येतं. फोटोचा कागदही बोलतो, दातेरी कडांचे छोटे फोटो बहुतेक चाळीस ते साठच्या दशकातले, चौकोनी फोटो असले तर बऱ्याचदा आग्फा क्लिकचे, एका रोलमध्ये बाराच यायचे म्हणून प्रत्येक फोटोत माणसं ताठ उभी. रंगीत असून सगळा लालसर पडलाय तर सत्तर-ऐंशीच्या दशकातला प्रिंट समजा. आणि फोटोची मागची बाजू. स्टुडिओचा शिक्का, पत्ता, कुणाच्या मामाला पाठवला होता त्याच्या दोन ओळी. प्रत्येक फोटोची मागची बाजू स्कॅन करायची, कोरी दिसली तरी करायची, पुसट पेन्सिल डोळ्यांना दिसत नाही पण कॉन्ट्रास्ट वाढवला की वर येते.

घराण्याच्या मागच्या पिढ्यांची नावं अडली तर त्र्यंबकला किंवा पंचवटीत त्या घराच्या तीर्थोपाध्यांकडे जा. त्यांच्या नामावळीच्या वह्यांमध्ये आलेल्या यजमानांच्या नोंदी असतात, गाव, बापाचं नाव, बरोबर कोण होतं, खाली सही. मात्र त्या घरच्या माणसाला बरोबर घेऊन जायचं.

आता एक गोष्ट जी कुणी विचारत नाही. फोटो गोळा करत गेलात की सहा महिन्यांनी तुमच्या लक्षात येईल, लग्नं आहेत, बारशी आहेत, रिटायरमेंटचे ग्रुप फोटो आहेत, गोदाघाटावरचे सिंहस्थाचे फोटो आहेत, आणि गल्लीचं अर्धं आयुष्य कुठंच नाही. भट्टीसमोर घाम गाळणाऱ्या माणसाचा फोटो कुणी काढला नाही कारण फोटो म्हणजे चांगले कपडे. प्रेसमध्ये आत कॅमेरा नेता येत नाही, त्यामुळे तिथल्या कामगारांचं सगळं आयुष्य फाटकाबाहेरच्या फोटोंमध्ये आहे. धुणं-भांडी करणाऱ्या बाईचा फोटो नाही. ज्यांच्याकडे कॅमेरा नव्हता, स्टुडिओत जायला पैसे नव्हते, त्यांची घरं तुमच्या कलेक्शनमध्ये आपोआप गळून पडतात आणि मग गल्लीचा इतिहास म्हणजे चार मालकांचा इतिहास होऊन बसतो.

पंचवटीत काम करताना हे मला फार लागलं. काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, डॉ. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली, इथं दादासाहेब गायकवाडांनी तो उभा केला आणि पुढं काही वर्षं चालू ठेवला. देशाच्या इतिहासातली गोष्ट आहे ही. आणि मी ज्या घरी गेले तिथं त्या काळाचा एकही फोटो नव्हता. नातू म्हणाला, आमच्याकडे देण्यासारखं काही नाही ताई. मग त्याची आई आतून एक काठी घेऊन आली, सासऱ्यांची, त्यांचे वडील सत्याग्रहाला जाताना ही घेऊन जायचे असं घरात सांगतात, आणि दोन तास बोलली. आम्ही काठीचा फोटो काढला, हातात धरून तिचा काढला, आणि सगळं रेकॉर्ड केलं. ज्या घरात फोटो नाही तिथं वस्तू विचारा. वस्तूही नसली तर जागा विचारा आणि त्या माणसाला त्या जागेवर उभं करून आजचा फोटो काढा. तुमच्या गल्लीत आधी यादी केलीत ना ज्येष्ठांची, त्यात वाड्यात झाडलोट करणारे, हमाल, कल्हईवाले, भाडेकरू म्हणून राहून सिडकोच्या वसाहतीत गेलेले, हे सगळे आले पाहिजेत.

स्कॅनरचं आता सांगते. लॅपटॉपच्या यूएसबीवर चालणारे पातळ स्कॅनर स्वस्त आहेत, घरोघरी न्यायला सोपे, पण काचेपासून जरा वर राहिलेलं त्यांना नीट टिपता येत नाही, वाकडा झालेला फोटो काचेला टेकला नाही तर तेवढा भाग धूसर येतो, आणि निगेटिव्ह त्यांना जमत नाहीत. पहिल्या वर्षी तेवढा पुरे. निगेटिव्ह भरपूर निघाले तर पुढं वरच्या झाकणात लाइट असलेला घ्या. पोस्टकार्ड साइजचा फोटो ६०० डीपीआय (इंचाला ६०० ठिपके), छोटा पासपोर्ट साइज असेल तर १२००, निगेटिव्ह २४०० च्या पुढं. मूळ फाइल टिफ (TIFF) फॉरमॅटमध्ये, तिला परत हात लावायचा नाही, शेअर करायला जेपीजी वेगळी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात की तो दाबून लहान होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि ते जुने फोटो रंगीत करून देणारे, चेहरे स्वच्छ करणारे एआय अ‍ॅप, त्यातून निघालेला चेहरा त्या माणसाचा नसतो, अ‍ॅपनं बनवलेला असतो. घरच्यांना हौस म्हणून द्यायचा तर द्या, त्यावर तसं लिहून, संग्रहात नको.

नाव देताना फाइलला घराचा नंबर आणि फोटोचा नंबर एवढंच ठेवा, बाकी सगळं एका एक्सेल शीटमध्ये. कुणाकडून मिळाला, कुणी ओळखला, कधी, त्यांचे शब्द काय, अंदाजे साल आणि तो अंदाज कशावरून. 'कशावरून' हा रकाना विसरू नका, पाच वर्षांनी तोच कामाला येतो. सगळ्याच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या ठिकाणी, त्यातली एक जुन्या नाशकाबाहेर. नदीकाठी राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. २००८, २०१६, २०१९, प्रत्येक पुरानंतर माझ्याकडे ओले अल्बम आलेत.

ओल्या फोटोंचं सांगूनच ठेवते, वेळ आली तर शोधत बसू नका. चिकटलेले फोटो ओढून सोडवायचे नाहीत आणि चिकटलेले वाळूही द्यायचे नाहीत. स्वच्छ गार पाण्याच्या परातीत ठेवा, हळूहळू सुटतात, चिखल पाण्यानंच जाऊ द्या, बोटानं चोळू नका, आणि सुती कापडावर चेहरा वर करून सावलीत पसरा. उन्हात टाकले की वळतात, रंग सुटतो. दोन दिवसांत जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये, त्यानं वेळ मिळतो. काचेच्या प्लेटा मात्र फ्रीझरमध्ये नाही.

एरवी घरात काय करायचं तर फारसं काही लागत नाही. ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम सगळ्यात वाईट, तो गोंद पिवळा पडतो आणि फोटो खातो. फोटोखालून दात साफ करायचा धागा सरकवून बघा, सुटला तर ठीक, नाहीतर आख्खं पान स्कॅन करा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काढू नका, काचेसकट स्कॅन करा. लॅमिनेशन कधीही नाही, ते केलं की परत फिरता येत नाही. मागे बॉलपेननं लिहू नका, मऊ पेन्सिल, तीही कडेला. निगेटिव्हच्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबट वास यायला लागला तर ते सडायला लागलेत, लगेच बाकीच्यांपासून वेगळे करा आणि आधी त्यांचं स्कॅनिंग. ट्रंक जमिनीवर नको, बाहेरच्या भिंतीला लागून नको, पावसाळा संपला की एक दिवस उघडी ठेवून हवा लागू द्या. डांबर गोळ्या फोटोंना लागून ठेवू नका.

मूळ फोटो घरी घेऊन यायचे नाहीत. माझ्याकडून एकदा एका घरचा अल्बम रिक्षात राहिला होता. आठ दिवसांनी मिळाला, रिक्षावाल्या दादांनी स्वतः घर शोधत आणून दिला, पण ते आठ दिवस मी त्या आजींच्या गल्लीत पाऊल टाकू शकले नाही. तेव्हापासून स्कॅनर त्यांच्या ओसरीवर जातो, फोटो त्यांच्या डोळ्यांसमोर राहतात. यात वेळ जातो खरा, पण त्या वेळातच बोलणं होतं.

आणि लोक घाबरतात, ते समजून घ्या. वाड्यांमध्ये मालक-भाडेकरूच्या केसेस वर्षानुवर्षं चाललेल्या असतात, भाऊबंदकी असते. जुना फोटो म्हणजे कोण कुठल्या खोलीत राहत होतं याचा पुरावा. एका घरी ग्रुप फोटोतला एक चेहरा कात्रीनं कापलेला होता, मी विचारलं नाही, तिसऱ्या भेटीत त्यांनीच सांगितलं. तुम्ही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की हे कशासाठी आहे, कुणाला दाखवणार, आणि त्यांना नको वाटलं तर काढून टाकणार. गांधीहत्येनंतरच्या, अठ्ठेचाळीस सालच्या दंगलीच्या आठवणी निघाल्या तर ऐका, रेकॉर्डही करा त्यांनी हो म्हटलं तर, पण नावानिशी बाहेर टाकायची घाई नको, त्या घरांची नातवंडं शेजारी शेजारी राहतायत. कायद्याचं थोडक्यात, पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क वेगळा करार नसेल तर काढून घेणाऱ्याकडे राहतो, म्हणजे स्टुडिओतला फॅमिली फोटो सहसा त्या घराचा. छापून आलेल्या फोटोंचं वेगळं, ते विचारून वापरा.

वेबसाइट का इन्स्टा, तर पहिल्या वर्षी दोन्ही नको. आधी फोटो गल्लीला दाखवा. साध्या कागदावर मोठ्या झेरॉक्स काढा, गल्लीत दोरी बांधा, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी लावा आणि दोरीला पेन्सिली लटकवून ठेवा, ज्याला जे ओळखू येईल त्यानं फोटोवरच लिहायचं. दिवस कुठला निवडायचा तर माझं मत विचाराल तर रंगपंचमीच्या आसपासचा. वर्षभर रस्त्याखाली बुजवलेली रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा मोठा हौद, त्या दिवशी उघडते, शनि चौक, तिवंधा, दिल्ली दरवाजा, आणि गंगापूर रोडला, इंदिरानगरला राहायला गेलेली सगळी माणसं उडी मारायला परत येतात. वर्षातून तेवढ्याच दिवशी जुनं नाशिक पूर्ण भरलेलं असतं. रंग खेळायच्या आदल्या संध्याकाळी लावा मात्र, नाहीतर झेरॉक्स वाहून जातील.

आम्ही पहिल्यांदा लावलं तेव्हा ६० फोटो होते. रात्री साडेनऊला आवरायला गेले तर एक गृहस्थ, पंच्याहत्तरीचे असतील, एकाच झेरॉक्ससमोर उभे. तालमीतल्या पोरांचा फोटो, अकरा जण, आमच्याकडे चार नावं होती. त्यांनी सात लिहिली होती आणि आता एका चेहऱ्याभोवती गोल करून थांबले होते. म्हटलं काका, हे कोण. म्हणाले, हा मी, पण माझ्याकडे हा फोटो नाहीये. दुसऱ्या दिवशी चांगला प्रिंट काढून त्यांच्या घरी दिला, आणि त्यांनी कपाटावरून एक डबा खाली काढला, त्यात २०० निगेटिव्ह. प्रत्येक घराला त्यांच्या फोटोंचा एक तरी प्रिंट परत द्या, पेनड्राइव्ह नको, हातात धरता येईल असा कागद. पुढचं कलेक्शन त्यातून येतं.

सहा महिन्यांत बरंच जमलं की एक कॉपी एखाद्या टिकणाऱ्या संस्थेत ठेवायचा विचार करा, म्हणजे तुमच्यापैकी दोघं पुण्याला नोकरीला गेले तरी काम थांबणार नाही. आपल्याकडे सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचं आहे, तिथं जाऊन बोला, आधी काय अटी ते विचारा, कोणते फोटो सगळ्यांसाठी खुले आणि कोणते नाहीत हे लिहून द्या.

रविवारी जाताना सकाळी अकराच्या सुमाराला जा, अंघोळ-पूजा झालेली असते आणि जेवण व्हायचं असतं. एक मोठं भिंग घ्या, आणि आजींचा वाचायचा चष्मा कुठं आहे ते आधी विचारा. बऱ्याचदा 'मला काही आठवत नाही' म्हणतात तेव्हा त्यांना फोटो दिसतच नसतो.